पेट्रोलचा धीर

"महाग ता भरलंय, मेस्त्री! दिवाळी आसा. आमी करंज्यो-लाडू खातलों, मगे गाडयेक पण गोड नको?"

दत्तप्रसादने स्कूटरच्या सीटवर थाप मारली आणि कौतुकाच्या अपेक्षेने कायतानकडे पाहिलं. कायतानने हातातला पाना खाली ठेवला. हँडलला अजून दसऱ्याचा झेंडू वाळून लोंबत होता आणि टाकी नव्या पंचाण्णव आकड्याच्या पेट्रोलने काठोकाठ भरलेली होती.

"चण्यांर धावणारो घोडो तुझो. तेका तू काजूगर घातलंस," कायतान म्हणाला.

"म्हणजे जोरात धावतलो!"

"धावाचो नाय. काजूगर खाऊन तितकोच धावतलो."

कुंभारमाठची घाटी जिथे सुरू होते, तिथे पायथ्याशी कायतान फर्नांडिसचं गॅरेज आणि गॅरेजमागे घर. यंदा कुडाळच्या रस्त्यावरच्या पंपावर हे नवं पेट्रोल आलं आणि साऱ्या पंचक्रोशीला त्याचं वेड लागलं. सणासुदीला देवाला नैवेद्य आणि गाडीला पंचाण्णव! दसऱ्याला तर हार घातलेल्या मोपेडी पंपावर रांगेत उभ्या होत्या. शहाळं विकणारा बाबली आपल्या वीस वर्षांच्या मोपेडला ते पाजून आला आणि 'आता ती हसता' असं गावभर सांगत सुटला. कायतानला या सगळ्याचा संताप यायचा. पण समजावून सांगायची संधी मिळाली की त्याला मनापासून आनंदही व्हायचा.

"आयक. आकडो मोठो म्हणजे ताकद मोठी न्हय. आकडो म्हणजे पेट्रोलाचो धीर." त्याने दोन तळवे एकमेकांवर दाबले. "इंजिनात पिस्टन वर येता आणि पेट्रोल-हवा चेपता. चेपल्यार जा पेट्रोल ठिणगी पडासर गप रवता, ता मोठ्या आकड्याचा. जा धीर सोडून आधीच भडकता, ता बारक्या आकड्याचा. तुझी स्कूटर चेपता ती कितीशी? तिका साधा पुरे."

"मगे माझी दिवाळी फुकट गेली म्हणा."

"फुकट गेली."

दत्तप्रसाद हसला. तो पंचायतीत शिपाई होता आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजातल्या बाकावर बसून राहणं हा त्याचा दुसरा धंदा होता. आज तर तो हलणारच नव्हता. कायतानची मुलगी क्लॉडिया उद्या पहाटे मोटरसायकलवरून कन्याकुमारीला निघायची होती आणि ही बातमी धुरीवाड्यापासून देवबागपर्यंत पोचली होती.

मोटरसायकल कायतानचीच. साडेतीनशे सीसीची, बिडाच्या इंजिनाची, त्याच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली. क्लॉडियाला बाप्तिस्म्याला चर्चमध्ये नेलं ते हिच्यावरूनच. पुढे वीस वर्षं ती फणसाखाली ताडपत्रीत पडून होती. क्लॉडिया कुडाळच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली आणि जून महिन्यात एक दिवस ताडपत्री ओढून म्हणाली, "पप्पा, दिवाळीच्या सुट्टीत मी हिच्यार बसान कन्याकुमारीक जातंय. मडगावात दोघी जणी मेळतल्यो."

पासष्टीच्या कायतानच्या अंगात त्या दिवशी वारं शिरलं. त्याने गाडीचा खिळान् खिळा सुटा केला. जुनं इंजिन पेट्रोल-हवेला साडेसहा पटीने चेपायचं. त्याने उंच डोक्याचा पिस्टन घातला, वरचं हेड घासून घेतलं आणि ती पट साडेसहावरून नऊवर नेली. पोरीच्या गाडीने घाटात कुणाच्या मागे राहायचं नाही! आणि एवढं करूनही त्याने लेकीला शब्द दिला होता, की खंयच्याय पंपार जा, साधा भर, ही नाय म्हणाची नाय.

हा शब्द त्याने आपल्या कानाच्या भरवशावर दिला होता.

कायतानचा कान ही मालवणात नाव घेण्यासारखी गोष्ट होती. दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी तो घाटीवर चढवायचा, वरच्या गिअरमध्ये, अर्ध्या रेसवर, इंजिन चांगलं कण्हायला लावून. पेट्रोल कमी धीराचं असेल तर ते वेळेआधी पेटतं आणि आतून बारीक किणकिण येते. पुस्तकात तिला नॉकिंग म्हणतात, कायतान म्हणायचा टाळ. "टाळ भजनात बरे, इंजिनात न्हय. इंजिनात वाजले काय पिस्टनाक भोक पडला समज." एकदा दाढी करताना रस्त्यावरून गेलेल्या जीपचे टाळ ऐकून, अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून, तो तिच्यामागे धावला होता. क्लॉडिया लहान असताना तिला टाकीवर बसवून तो घाटी चढायचा. टाळ ऐकू आले की तिने त्याच्या हातावर चापटी मारायची, हा बापलेकीचा खेळ होता.

या आठवड्यात तो क्लॉडियाची गाडी साध्या पेट्रोलवर दहा वेळा चढवून आला होता. एकदाही टाळ वाजले नव्हते.

एवढ्यात आतून करपल्याचा वास आला आणि त्यापाठोपाठ बायको आली. लिंडाच्या हातात कुकर होता.

"तीन शिट्यो झाल्यो काय बंद करा, म्हणान सांगान विहिरीर गेललंय. ह्यो भात बघा."

"इंजिन चालू होता मगाशी," कायतान म्हणाला.

"सात झाल्यो," दत्तप्रसादने माहिती पुरवली. "मी मोजलंय. माका वाटला मटण आसा."

लिंडाने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं आणि कुकर घेऊन आत गेली.

क्लॉडिया बाजारातून आली ती दोन्ही हातांत पिशव्या, दोरखंड, प्लास्टिकचं कापड असा लवाजमा घेऊन. उत्साहाने तिचं तोंड लाल झालं होतं. "पप्पा, पाद्रीबाबांनी सकाळी साडेपाचाक बोलवल्यानी, आशीर्वादाक. आणि आमच्या शाळेतली ती प्राजक्ता आसा ना, ती म्हणाली माका पण घेऊन चल! आता शेवटची फेरी मारूया?"

"मीच मारून येतंय. तू सामान बांध."

त्याने किक मारली. गाडी पहिल्याच किकला उठली आणि दत्तप्रसादने टाळ्या पिटल्या. कायतान घाटी चढून गेला, वरच्या वडाला वळसा घालून उतरला आणि अंगणात शिरताना एक हात सोडून त्याने मूठ हवेत नाचवली.

"लोणी! टाळबीळ काय नाय!"

क्लॉडियाने उडी मारून त्याच्या गळ्यात हात टाकले. कायतानला त्या क्षणी जगात काही कमी नव्हतं.

आता राहिलं होतं फक्त प्रवासासाठी नवा प्लग बसवणं. जुना त्याने गरम असतानाच काढला. काढलेला प्लग भिंगाखाली बघायचा ही त्याची चाळीस वर्षांची सवय. कौतुकाने हसत हसतच त्याने भिंग डोळ्याला लावलं.

प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके होते. त्यांत मधूनच एखादा चांदीसारखा लकाकत होता.

त्याने प्लग पुसला नाही. नुसता हातात धरून राहिला. तो चांदीचा कण पिस्टनचा होता. टाळ वाजल्याशिवाय पिस्टनचा कण उडून प्लगवर येत नाही. आठ दिवसांपूर्वी त्याने स्वतःच हा प्लग कोरा करकरीत बसवला होता. म्हणजे टाळ वाजले होते. आत्ता वाजले होते, काल वाजले होते, दहाच्या दहा वेळा वाजले होते, त्याच्या ढोपरांमध्ये, हातभर अंतरावर. आणि तो मूठ नाचवत आला होता.

"दत्ता," त्याने हळूच विचारलं, "हल्ली रातकिडे वरडतत?"

"वरडतत म्हणजे? डोक्या खातत!"

गेलं वर्षभर कायतान भेटेल त्याला सांगत होता, की आंब्याच्या फवारण्यांनी मालवणातले रातकिडे संपले. लोक माना डोलवायचे. वय झालेल्या माणसाशी वाद कोण घालतो!

नवा प्लग त्याच्या दुसऱ्या हातात होता. तो बसवून जुना कचऱ्यात टाकला असता, तर कुणाला काही कळणार नव्हतं. गाडी कदाचित जाऊन येईलही. आणि कदाचित केरळच्या कुठल्यातरी चढावर, भर दुपारी, पिस्टनला भोक पडून पोर रस्त्याच्या कडेला उभी राहील आणि म्हणेल, पप्पांनी ऐकलं होतं. हा विचार त्याला सोसवेना.

"क्लॉडिया, हंय ये."

ती हसत आली. त्याने तिच्या हातात प्लग आणि भिंग दिलं. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिचं हसू गेलं.

"टाळ वाजतत," तो म्हणाला. "माका ऐकाक येणत नाय. माझो कान गेलो."

दत्तप्रसाद बाकावरून उठून उभा राहिला. कुणी मेल्याची बातमी आल्यावर माणूस उठतो तसा. दारातून लिंडाचा आवाज आला.

"माका म्हायत होता."

"तुका? कधीसून?"

"गेल्या पावसापासून. शिटी ऐकाक येणा नाय, फोन ऐकाक येणा नाय, मी हळू बोललंय तर तुमी माझ्या तोंडाकडे बघतास."

"मगे सांगलंस नाय कित्याक?"

"तुमी सांगश्यात म्हणान गप रवलंय," लिंडा म्हणाली आणि पदराने हात पुसत तिथेच उभी राहिली.

कायतानला वाटलं, क्लॉडिया आता रडेल, जाणं रद्द म्हणेल. पण ती शाळेत चाळीस पोरांना वळण लावणारी बाई होती. तिने कमरेची ओढणी घट्ट बांधली.

"कान गेलो तर गेलो. हात आसत मां? चला. तुमी चालवा, मी मागे बसतंय. वाजला काय खांद्यार बोट मारतंय. पयल्यासारख्या."

घाटीपुरतं दोघांनीही हेल्मेट घातलं नाही. कायतानने वरच्या गिअरमध्ये रेस अर्धी उघडली. पायथ्याच्या वळणापर्यंत खांद्यावर नुसता हात होता. जांभ्याच्या कापलेल्या दरडीशी बोट एकदा आपटलं. मग दोनदा. आणि वडाखालच्या उभ्या चढावर ते बोट थांबायलाच तयार नव्हतं, भजनाला ऐन रंग चढल्यावर टाळकरी थांबत नाही तसं! एकेका ठोक्याला कायतानचं काळीज हलत होतं. पण त्याचबरोबर, कबूल करायला त्याची त्यालाच लाज वाटली, त्याला भलताच आनंद होत होता. कारण वर्षभरात पहिल्यांदाच त्याला इंजिन ऐकू येत होतं. कुठल्या वळणाला, किती रेसला, किती जोरात, सगळं त्या बोटातून कळत होतं.

तो खाली आला तो ओरडतच.

"दत्ता! तुझी दिवाळी काढ भायर!"

"काय?"

"टाकीतला पंचाण्णव! हिका घालून बघूया!"

दत्तप्रसादने आयुष्यात एवढ्या वेगाने कुठलं सरकारी काम केलं नव्हतं. त्याने नळी आणली, तोंडाने ओढली, तोंडात पेट्रोल गेलं, तो थुंकला, शिव्या दिल्या आणि कॅन भरला. क्लॉडियाच्या गाडीतलं साधं पेट्रोल त्याच्या स्कूटरमध्ये गेलं, त्याचं महाग पेट्रोल तिच्या टाकीत आलं. पुन्हा बापलेक घाटीवर. दरड गेली, वड आला, वड गेला. बोट हललं नाही.

"गावलो!" अंगणात शिरता शिरता कायतान म्हणाला. "तुझ्या काजूगरांचो घोडो गावलो रे!"

"म्हणजे माझी दिवाळी फुकट गेली नाय!" दत्तप्रसाद पेट्रोलचे ढेकर देत म्हणाला.

क्लॉडिया खाली उतरली. "बरा झाला. मगे मी वाटेत पंचाण्णवच भरतंय."

गाडीभोवती एक फेरी मारून कायतान इंजिनासमोर उकिडवा बसला. नऊ पट चेपणारं इंजिन! काय उसळी घ्यायचं ते, चढ म्हणजे उतार वाटायचा. चार महिने त्याने त्यात जीव ओतला होता. पंचाण्णव भरलं की सगळं जसंच्या तसं राहत होतं. पण प्रत्येक पंपावर ते मिळणार नव्हतं. आडगावात संध्याकाळी टाकी रिकामी झाली, तर पोर मिळेल तेच भरणार. आणि मग चढावर टाळ ऐकायला पोरीचा कान होता, पण ऐकून ती करणार काय?

"नाय," तो म्हणाला. "वाटेर जा मेळता, ता हिका पचाक व्हया. खोलूया."

"आता? पप्पा, दुपारचे दोन वाजले!"

"हेडाखाली जाड गॅस्केट घालूया, तांब्याची. चेपणा कमी जातला. जोर जरा कमी होतलो, पण टाळ वाजूचे नाय. पत्रो मातर व्हयो, मिलिमीटरभर जाड."

दिवाळीच्या दिवशी तांब्याचा पत्रा कुठे मिळणार? दत्तप्रसाद तीन दुकानं फिरून आला, तिन्ही बंद. तो परतला तेव्हा अंगणात काहीतरी फरफटत येत होतं. लिंडा न्हाणीघरातलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण ओढत आणत होती.

"काप ह्या," ती कायतानला म्हणाली. गडबडीत 'तुमी' राहून गेलं.

"गो, तुझ्या आवयन दिल्लला, लग्नात!"

"गळता ता दोन वर्सां. काप म्हणतंय मां."

मग जे काम सुरू झालं ते बघायला शेजारपाजार जमला. कायतानने भाणाचा तळ कापला, लाकडी हातोडीने सपाट केला, हेडचं तोंड त्यावर ठेवून क्लॉडियाने पेन्सिल फिरवली. कडा घासल्या, भोकं पाडली. शेवटी ती गॅस्केट त्याने चुलीत लालबुंद करून बादलीत सोडली, म्हणजे तांबं मऊ पडतं आणि नीट दबून बसतं. चर्रर झालं तेव्हा लिंडा म्हणाली, "ह्या तरी ऐकाक इला काय?" आणि कायतान इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसताना गालाला ग्रीस लागलं आणि ते तसंच राहिलं.

हेड बसलं, टॅपेट लागले, ठिणगीचं टायमिंग त्याने केसभर मागे घेतलं. सूर्य कलला तेव्हा टाकीतलं महाग पेट्रोल काढून पुन्हा साधं भरलं.

कायतानने किक मारली. क्लॉडिया मागे बसली, हात त्याच्या खांद्यावर आला. वळण गेलं. दरडीशी त्याने मुद्दाम रेस जास्त उघडली, इंजिन कण्हलं, गाडी चढत राहिली. मघासारखी उसळी नव्हती. पण तक्रारही नव्हती. वडाखालचा उभा चढ आला. खांद्यावर काहीच झालं नाही. वर माळावर येऊन तो थांबला तेव्हा खाली मालवणात एकेक आकाशकंदील लागत होता.

"वाजला?"

"नाय."

"हात काढलंस तर न्हय मगाशी?"

"नाय पप्पा," क्लॉडिया म्हणाली. "हात थंयच आसा."

सकाळी ती गेली. पाद्रीबाबांनी गाडीवर पाणी शिंपडलं, बाबलीने हँडलला दोन शहाळी बांधली, लिंडाने घावण्यांचा डबा दिला. कायतानने टाकीच्या झाकणाजवळ पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'साधं चालेल'. चौथ्या दिवशी तिचा फोटो आला. गाडी, मागे समुद्र, आणि खाली एकच ओळ, 'एकदाय वाजूक नाय.'

त्याच दुपारी दत्तप्रसाद स्कूटर घेऊन आला.

"मेस्त्री, घाटी चढताना आतसून कायतरी वाजता. एकदा बघा."

कायतान बाकावर बसून होता. गेल्या चार दिवसांत त्याने तीन गाड्या न ऐकता परत पाठवल्या होत्या. त्याने हात पुसले आणि नजर न उचलता सांगितलं, "कुडाळाक ने. थंय नवो पोरगो आसा, मशीन लावन सांगता. माझ्याच्यान आता..."

दत्तप्रसादने पुढचं ऐकून घेतलं नाही. त्याने स्कूटर फिरवून तिचं तोंड घाटीकडे केलं, स्टँड काढला आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसला. पुढची सीट रिकामी ठेवून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून तो वाट बघत राहिला.

बऱ्याच वेळाने कायतान उठला आणि पुढे बसला. त्याने अजून किल्लीला हातही लावला नव्हता, तोच दत्तप्रसादचा जडशीळ पंजा त्याच्या खांद्यावर येऊन पडला. त्यातलं एक बोट वर उचललेलं होतं, तयारीत.